विजारीच्या मापाची होडी

४ फेब्रुवारी

प्रिय डबड्या,

पन्नाशीला टेकलास तरी मी तुला डबड्याच म्हणणार. आईचे तेलाचे डबे कापून ज्याने न्हाणीघरात होड्या सोडल्या आणि दोन्ही हात चिरून घेतले, त्याला दुसरं काय म्हणायचं? आता त्याच डबड्यांवर तुझा कारखाना चालतो, म्हणून तोंड वर करून मागायला आले आहे.

फोन केला नाही, कारण फोनवर तुझ्यामागे तो ग्राइंडर किंचाळत असतो आणि तू नुसता ‘काय? काय?’ करतोस. हे ओरडून सांगण्यासारखं नाही. घरून तर बोलताच येत नाही. दोन खोल्यांचं घर, ह्यांच्या कानावर सगळं पडतं.

ह्यांना पडून अकरा महिने झाले. तीस वर्षं खाडीत वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांची देखभाल केली, वादळात सुटलेले बोये ओढून जागेवर आणले, त्यांच्या साखळ्या बदलल्या, कधी साधं खरचटलं नाही. आणि घरातल्या शिडीवरून पडून कमरेखालचं सगळं गेलं. हे तुला ठाऊकच आहे. पण डॉक्टर म्हणतात, हात, खांदे, छाती सगळं पूर्वीसारखं दणकट आहे. आणि हा माणूस त्या हातांनी दिवसभर पांघरुणाचा काठ चुरगाळत बसतो. मागच्या महिन्यात पलंग फिरवायला लावला, खिडकीतून खाडी दिसते म्हणून. आता भिंतीकडे तोंड करून असतात. बंदर कचेरीतले साहेब येऊन गेले. म्हणाले, जूनपर्यंत जागा भरत नाही, काही जमतंय का बघा. ह्यांनी त्यांना चहालासुद्धा थांबू दिलं नाही.

मला एक होडी हवी आहे. खुर्ची सरळ आत जाईल आणि सगळं हातांनी चालेल अशी. जून उलटला तर हा माणूस त्या भिंतीकडेच बघत राहील, मला दिसतंय ते. ह्यांना मात्र इतक्यात काही बोलू नकोस. आधी होडी दारात उभी राहू दे, मग बघते नाही कसं म्हणतात ते.

उत्तर माझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर टाक.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ताई,

हात ग्रीसने माखलेत, म्हणून लांबूनच पाया पडतो.

पत्र वाचलं आणि सूतभरला वाचायला दिलं. सूतभर म्हणजे आमचा वेल्डर. प्रत्येक जोडापाशी ‘सूतभर कमी आहे’ म्हणतो, म्हणून हे नाव. इंचाचा आठवा भाग इकडेतिकडे झाला तरी त्याला जेवण जात नाही. त्याने पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि कोपऱ्यातल्या अठरा फुटी सांगाड्यावरचं कापड काढलं. एका गिऱ्हाइकाने बांधायला टाकली आणि अर्ध्यात धंदाच बदलला, ती होडी. चांगला पाच मिलिमीटरचा पत्रा आहे. पुढचं टोक कापून तिथे दार बसवू. दार खाली पाडलं की त्याचाच उतार होईल, खुर्ची थेट आत. बोये उचलायला छोटी यारी, तिला विजेची मोटर. अॅल्युमिनियमचं हे बरं असतं. लाकूड चुकलं की चुकलं. हे कापा, परत जोडा, कुरकुर करत नाही.

पण एक अडचण आहे. आमच्याकडे पत्र्याला हात लावण्याआधी जमिनीवर खडूने अख्खी होडी काढतात, खऱ्या मापाची. मग ज्याची होडी त्याने दिवसभर त्या खडूच्या होडीत काम करायचं. रिकामी पिंपं उचलायची, वळायचं, वाकायचं. जिथे तो शिवी घालतो तिथली रेघ पुसून आम्ही नवी काढतो. गेल्या वर्षी एका पाणबुड्याने अकरा शिव्या घातल्या, आणि त्याची होडी आमच्या हातची सगळ्यात सरस झाली. जे गिऱ्हाईक भांडत नाही त्याची होडी हमखास फसते.

तेव्हा भावजींना आण. गाडी पाठवतो. आणि त्यांना आधी सांग. त्यांच्या पाठीमागे मी होडी बांधणार नाही, ताई. पाठीमागे बांधायला ती काही वाढदिवसाची भेट नव्हे.

डबड्या


१७ फेब्रुवारी

प्रिय डबड्या,

सांगितलं ह्यांना. हो म्हणाले. झालं तुझं समाधान?

चार तासांचा प्रवास डॉक्टरांनी करायचा नाही म्हणून सांगितलंय, त्यामुळे तुझ्या खडूच्या होडीत ते काही येऊ शकत नाहीत. मापं मी पाठवते. खुर्चीची रुंदी चाकाच्या कडेपासून कडेपर्यंत साडेपंचवीस इंच. लांबी, पाय ठेवायच्या फळीसकट, बेचाळीस. बसल्यावर हात पुढे पोचतो सव्वीसपर्यंत. जमिनीपासून गुडघा चोवीस.

आणि तुझ्या त्या सूतभरला म्हणावं, मापाच्या बाबतीत मला शिकवायचं नाही. तीस वर्षं ह्यांच्या विजारी मीच शिवते. डोळे बांधून कात्री दिलीस तरी ह्यांचा गुडघा कुठे येतो ते मला सापडेल.

जून लांब नाही. कामाला लाग.

ताई


२० मार्च

ताई,

आज होडीत पाणी भरलं. घाबरू नकोस, आमची रीतच ती. होडी पाण्यात सोडण्याआधी पाणी होडीत सोडायचं आणि खाली उकिडवं बसून जोडांकडे बघत राहायचं. सूतभर दोन तास बसला होता. एक थेंब आला नाही. मग उठला आणि म्हणाला, “बरी आहे.” लग्नाच्या दिवशी बायकोबद्दलही तो एवढंच म्हणाला होता म्हणे.

ताई, फार देखणी झाली आहे ग! तळ सपाट केलाय, खुर्ची कुठेही वळते. तळात चार कड्या आहेत, चाकं अडकवली की लाट आली तरी खुर्ची हलणार नाही. वेग, मागेपुढे, यारी, सगळं हाताशी. सूतभरने ह्या होडीसाठी तारेचा नवा ब्रश काढला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. लोखंडावर फिरलेला ब्रश अॅल्युमिनियमवर फिरला तर जोड कच्चा राहतो, हे खरं. पण कुलूप मी आजवर पाहिलं नव्हतं.

खडूची होडीही काढली. दवाखान्यातून चाकाची खुर्ची मागून आणली. आधी मी बसायला गेलो, तर माझं बूडच आत शिरेना. सगळे पोट धरून हसले. मग सूतभर बसला. तो सव्वापाच फुटी, त्याला सगळं ऐसपैस झालं. पण सुकाणूचं चाक ज्या टेबलावर बसतं त्याच्याखाली पाय घालून त्याने गुडघ्याला पट्टी लावून पाहिली. मग मला म्हणाला, “बाईंनी हा गुडघा बसलेल्या माणसाचा मोजलाय ना?” मी म्हटलं, माझी बहीण तू जन्मायच्या आधीपासून टेप गळ्यात घालून फिरते, गप बस.

भावजींना विचार म्हणून मी तुला मधे दोन चिठ्ठ्या टाकल्या होत्या, यारी डावीकडे हवी की उजवीकडे. उत्तर आलं नाही. उजवीकडे बसवली. रविवारी, तीस तारखेला, होडी घेऊन येतो. त्यांना म्हणावं, अंगणात बसून राहा, पहिली शिवी तोंडावर ऐकायची आहे.

डबड्या


२७ मार्च

डबड्या,

तुझं पत्र वाचलं, दुकानाचं दार लोटून घेतलं आणि मशीनवर डोकं टेकून रडले.

मी खोटं बोलले. ह्यांना काहीसुद्धा ठाऊक नाही. एकदा विषय काढायला गेले होते. ‘होडी’ एवढाच शब्द तोंडातून निघाला, तर म्हणाले, “हा शब्द ह्या घरात परत नको.” त्यानंतर माझी छाती झाली नाही. म्हटलं, दारात आली की बघू. यारी डावी की उजवी, मी कोणाला विचारणार होते? मापंसुद्धा त्यांना बसवून घेतली नाहीत. टेप काढली असती तर विचारलं असतं, कशाला. खुर्ची मोजली ती ते पलंगावर असताना. बाकी सगळं विजारीच्या कागदावरून उतरवलं.

आणि आता लिहायलाच बसले आहे तर सगळंच लिहिते. ते पडले त्या दुपारी जेवून आडवे झाले होते. मला माळ्यावरची पेटी हवी होती. म्हणाले, संध्याकाळी काढतो. मी म्हटलं, “तुमची संध्याकाळ कधी होतच नाही!” उठले बिचारे. पेटीत काय होतं माहीत आहे? पडद्यांचे उरलेले तुकडे. त्या दिवशी काय, त्या वर्षी लागले नसते तरी चाललं असतं.

ह्यांचं तोंड भिंतीकडे असतं ना, तेव्हा मला दर वेळी माझंच ते वाक्य ऐकू येतं. आजवर कोणाला सांगितलं नाही. होडी ह्यांच्यासाठी कमी आणि माझ्यासाठीच जास्त मागितली रे. ते परत पाण्यावर गेले असते तर मला मान वर करून जगता आलं असतं.

होडी आणू नकोस. मी चुकले. कसं तोंड दाखवू सूतभरला?

ताई


२ एप्रिल

ताई,

तुझं सत्तावीसचं पत्र मला सोमवारी मिळालं, सगळं रामायण होऊन गेल्यावर. आधी मिळालं असतं तर मी ट्रॉली फाटकातून बाहेर काढली नसती. मी आपला बँडबाजा असल्यासारखा हॉर्न वाजवत आलो! आठवलं की जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

तू आत पाणी आणायला गेली होतीस, म्हणून तू नीट पाहिलं नाहीस, ते सांगतो. शेजारीपाजारी जमले होते, म्हणूनच भावजी खुर्चीत बसून बाहेर आले असणार. पण होडीचं दार खाली पाडलं तेव्हा ते स्वतः चाकं फिरवत वर चढले, मला हात लावू दिला नाही. आत गेल्यावर त्यांनी एकदा काठावरून तळहात फिरवला. मी पाहिलं ते. मग सुकाणूकडे वळले, आणि गुडघे टेबलावर आपटले. मागे घेऊन परत गेले. परत आपटले. तिसऱ्यांदा हात लांब केला, तर चाकाला नुसती बोटं लागली. सगळे बघत होते. भावजी अगदी हळू म्हणाले, “ही उभ्या माणसाची होडी आहे. तो माणूस आता इथे राहत नाही.” उतरले, आतल्या खोलीत गेले, कडी लावली. तुला ती कडीच ऐकू आली.

परतताना चार तास सूतभर कागदावर आकडे मांडत होता. कारखान्यापाशी उतरताना म्हणाला, “तीन इंच. चोवीस सुतं.” आणि तडक घरी गेला. उभ्या माणसाचा गुडघा आणि बसलेल्याचा गुडघा एका उंचीवर येत नाहीत, ताई. त्यात त्यांच्या पायाखालची फळी दवाखान्यातल्या बाईंनी वर घेतली होती म्हणे. कागदावरच्या विजारीला हे कसं कळणार? पण ही चूक तुझी नाही. वीस वर्षांत मी एकही होडी मालकाला खडूत बसवल्याशिवाय बांधली नाही. बहिणीचा शब्द म्हणून ही बांधली. सूतभर विचारत होता आणि मी त्याला गप्प केलं. माझ्या अंगाशी आलं ते बरोबरच आहे.

आता शिडीचं. ‘तुमची संध्याकाळ कधी होत नाही’ हे वाक्य जगातली प्रत्येक बायको दिवसाला दोनदा म्हणते. मला आज सकाळी नळावरून ऐकवलंय. ह्या वाक्याने माणसं पडत असती तर गावात एक पुरुष धड राहिला नसता. तू वर्षभर हे एकटीने उरावर बाळगलंस, मला कळवलं नाहीस, ह्याचा मात्र राग आला आहे. मला सांगितलंस तसं त्यांनाही सांग. ते रागावले तर रागावू देत. भिंतीपेक्षा तुझ्यावर रागावलेले बरे.

ट्रॉली तेरा तारखेला मोकळी होते, तेव्हा येऊन होडी घेऊन जातो. तोवर ताडपत्री घालून ठेव, त्यांच्या डोळ्यांसमोर नको.

डबड्या


८ एप्रिल

प्रिय डबड्या,

ट्रॉली आणू नकोस. थांब, नीट सांगते, नाहीतर हर्षवायू झाला म्हणशील.

तू सांगितलंस तशी ताडपत्री घातली. दुसऱ्या दिवशी हे भिंतीकडे बघतच म्हणाले, “ताडपत्री उलट्या अंगाने बांधली आहेस, वारा आला की फाटेल.” मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी पांघरूण ओढून घेतलं. थोड्या वेळाने म्हणाले, “आणि तीन नंबरचा बोया आठ दिवस तिरका आहे, त्या कचेरीतल्या आंधळ्यांना सांग कोणीतरी.” अरे, मी दुकानात गेले की हा माणूस रोज खुर्चीत बसून खिडकीशी जातो! मी यायच्या वेळेला परत पलंगावर. आणि मी वेडी पलंग फिरवल्याचं दुःख करत बसले होते.

काल कात्री विसरले म्हणून दुपारी घरी आले. खुर्ची नाही, माणूस नाही. अंगणात बघते तर ताडपत्री बाजूला, होडीचं दार खाली, आणि हे आत. माझा शिवणाचा खडू हातात, टेबलावर रेघा मारताहेत आणि तोंडाने शिव्या! “कोणत्या शहाण्याने यारी उजवीकडे बसवली? साखळी डाव्या अंगाने येते! मेहुण्याच्या बापाने कधी बोया पाहिला होता का?” म्हणजे आपल्या बापाने. मी भिंतीआड उभी राहून मोजल्या. सात शिव्या.

मग पुढे झाले आणि तिथेच, उतारावर बसून, शिडीचं सांगितलं. एका दमात. हे खडू बोटांत फिरवत राहिले. मला वाटलं, आता हेही गेलं. तर म्हणाले, “त्या शिडीची तिसरी पायरी तडकलेली होती. महिनाभर मला ठाऊक होतं. रोज मनात म्हणत होतो, संध्याकाळी ठोकतो. तुला काय सांगणार? दुसऱ्यांच्या साखळ्या तपासत तीस वर्षं काढली आणि घरची पायरी ठोकली नाही. तुझ्याकडे बघायची लाज वाटायची, म्हणून भिंतीकडे बघत होतो.”

खूप रडलो रे दोघं. वर्षभर आपापल्या मनात कुढत बसलो, आणि मधे अंतर दोन हातांचं. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “ह्या टेबलाचं काय करायचं ते मी त्याला लिहितो. तू लिहू नकोस, तुझी मापं कळली.” खरंच होतं ते.

ताई


११ एप्रिल

मेहुणेबुवांस,

मला पत्रं लिहायची सवय नाही. बोयांच्या वहीत जसं लिहितो तसं लिहितो आहे.

होडी चांगली आहे. जोड उत्तम आहेत, ते करणाऱ्याला माझा नमस्कार सांग. बाकी तू गाढव आहेस. यारी डावीकडे घे. टेबल मी खडूने आखलंय त्या रेघेवर काप आणि तीन नाही, साडेतीन इंच वर घे, हिवाळ्यात मी जाड विजार घालतो. चाक माझ्याकडे वाकव. दाराची साखळी लोंबकळते, लाटेत डोकं फोडेल. तळातल्या कड्या मात्र छान सुचल्या आहेत, कोणाला सुचल्या? तुला नसणार. ग्राइंडर घेऊन गुरुवारी ये आणि त्या वेल्डरलाही आण. मी होडीत बसून राहणार आहे. माझ्यासमोर कापायचं, मला विचारून.

त्या रविवारी रागावून आत गेलो ते तुझ्यावर नव्हतं. काठावर हात ठेवला तेव्हा फार बरं वाटलं होतं, आणि मग ते टेबल आडवं आलं. एवढ्या लोकांसमोर मला रडायचं नव्हतं.

साहेबांना फोन केला. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते चाचणी घेणार. तीन नंबरचा बोया सरळ करून दाखवला तर काम माझं. पण एकट्याला सोडणार नाहीत, नियम आहे, सोबत धडधाकट माणूस हवा. म्हणाले, आहे का कोणी? मी म्हटलं, आहे. सकाळी दोन तास येईल, मग दुकान उघडेल.

तीस वर्षांत तुझी बहीण माझ्या होडीत एकदाही बसलेली नाही. तिला पाण्याची भीती वाटते असं मी सगळ्यांना सांगत आलो. काल विचारलं, तर म्हणाली, “तुम्ही कधी बोलावलंच नाहीत.”

तुम्ही दोघा शहाण्यांनी अठरा फुटांची होडी बांधली आणि तिच्यासाठी टीचभर जागा ठेवली नाहीत. माझ्या डाव्या हाताला, सुकाणूजवळ, तिला बसायला जागा कर. पाठ टेकता आली पाहिजे. तिची मापं मागच्या पानावर आहेत. मी स्वतः घेतली, तिला बसवून.